आर्ट थेरपी, आठ महिन्यांनंतर

हे गेले आणि माझी झोप उडाली. डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला आर्ट थेरपी, म्हणजे चित्रं काढत मनावर उपचार, सुचवली. वय ६४, चित्रकला शाळेतच सुटलेली.

पहिले दोन महिने एका ठिकाणी छापील मंडलं, म्हणजे गोल नक्ष्या, रंगवली. ‘यानं उजवा मेंदू जागा होतो’ असं तिथे सांगत. मला पटेना. चित्र काढताना मेंदूच्या दोन्ही बाजू कामाला लागतात.

आताची थेरपिस्ट रीतसर शिकलेली आहे. तिनेच जर्मनीतला २०१४ सालचा अभ्यास सांगितला. निवृत्तीच्या वयाचे २८ जण, दहा आठवडे. अर्ध्यांनी स्वतः चित्रं काढली, अर्ध्यांनी संग्रहालयात चित्रं पाहून चर्चा केली. आधी आणि नंतर एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम दाखवणारा स्कॅन. आपण स्वस्थ बसलो की मेंदूत जे जाळं चालू असतं, त्यातले दुवे चित्रं काढणाऱ्यांमध्ये जास्त घट्ट झाले. माणसं माझ्याच वयाची! मी लगेच म्हटलं, चित्रं दाखवून बोलणं कमी करू या, माझा हात चालू दे.

फिलाडेल्फियाला ड्रेक्सेल विद्यापीठात संशोधक गिरिजा कैमल यांनी २६ जणांच्या कपाळाला पट्टा बांधून मेंदूतला रक्तप्रवाह मोजला (२०१७). रंग भरणं, रेघोट्या, मोकळं चित्र, तिन्ही करताना समाधानाशी जोडलेल्या भागात तो वाढला. त्यांत चित्रकार होते, तसेच चित्रकार नसलेलेही. ‘मला कुठे येतं’ ही माझी भीती तिथे गेली. म्हणजे मंडलंही फुकट नव्हती, फक्त कारण चुकीचं सांगितलं होतं.

अभ्यास लहान आहेत, आणि ते शोकात बुडालेल्या माणसांवर केलेले नाहीत. पट्ट्याला मेंदूचा वरचा थरच दिसतो. त्यामुळे थेरपीसोबत कुणी स्कॅनचं पॅकेज विकत असेल तर घेऊ नका. माझा स्कॅन कुणी काढलेला नाही, त्यावाचून काही अडलंही नाही.

चौथ्या महिन्यात मी यांची छत्री काढायला घेतली. तोवर त्यांच्याबद्दल तोंडातून शब्द फुटत नव्हता. पाऊण तास नुसता काळा तैलखडू घासला, कागद फाटेपर्यंत, आणि मग रडू आलं. थेरपिस्ट काही बोलली नाही. दुसरा कागद पुढे ठेवला.

आता सलग पाच तास झोप लागते, गोळी डॉक्टरांनी निम्मी केली आहे. त्यात चित्रांचा वाटा किती, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण थेरपीचा शुक्रवार चुकवत नाही. छत्रीची मूठ राहिली आहे, या आठवड्यात ती घेणार आहे.