दर पंचवीस तारखेला पाच कार्डं : नागपुरात वर्षभर नाताळची कार्डं केल्यानंतर

२०२५ च्या जानेवारीत गॅलरीतली चांदणी उतरवून खोक्यात ठेवताना ठरवलं, की पुढच्या नाताळची कार्डं हातानेच करायची आणि त्यासाठी डिसेंबर उजाडायची वाट बघायची नाही. दर महिन्याच्या २५ तारखेला पाच कार्डं. जानेवारी ते नोव्हेंबर असे ११ महिने, म्हणजे ५५ कार्डं. वहीच्या पहिल्या पानावर हा हिशोब मांडला आणि लेकीला दाखवला. आता वर्ष झालं, कार्डं ज्याच्या त्याच्या घरी पोचली, काहींची उत्तरंही आली. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

निकाल आधीच सांगते. वर्षभर थोडं थोडं करणं मला फार मानवलं, मी ते सोडणार नाही. पण दर महिन्याला ठरावीक कार्डं हा हिशोब नागपुरात टिकत नाही. इथल्या हवेत कागद, रंग आणि गोंद बारा महिने सारखे वागत नाहीत. कार्डांची वाटणी महिन्यांत करण्याऐवजी कामाची वाटणी ऋतूंत करायला हवी होती, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. तोवर अकरा कार्डं वाया गेली होती.

डिसेंबरात हे काम का होत नाही, ते आमच्यासारख्या घरांत सांगायला नको. करंज्या, चकल्या, अनारसे, पडदे धुणं, क्वायरची तालीम, रात्रीची कॅरलची म्हणजे नाताळच्या गाण्यांची फेरी. आजवर मी बर्डीच्या बाजारातून छापील कार्डांचा पुडा आणायची, आत सगळ्यांची नावं लिहायची आणि पाकीट बंद करायची. छापील कार्डाचा जन्मही असाच घाईतून झाला. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थांना नाताळच्या सगळ्या पत्रांना उत्तरं लिहायला सवड नव्हती. त्यांनी चित्रकार जॉन हॉर्स्ली यांच्याकडून चित्र काढून घेतलं, हजारभर प्रती छापल्या आणि उरलेल्या एका शिलिंगला एक अशा विकायला ठेवल्या. तीनच वर्षं आधी तिकडे एका पेनीत पत्र देशात कुठेही पोचायची सोय झाली होती, त्यामुळे अशा कार्डाला वाटही तयार होती. मला कोलसाहेबांची अडचण पूर्ण समजते. फक्त मला तिच्यावर दुसरा उपाय हवा होता.

आता कागद. इतवारीतल्या ज्या दुकानातून मी २२ बाय २८ इंचांचे ३०० जीएसएमचे, म्हणजे जाड कागदाचे, सात ताव घेतले, तिथल्या काकांनी मला सगळ्यात मोठी गोष्ट शिकवली. मी नुसतं "कापून द्या" म्हटलं, तर ते म्हणाले, "ताई, दुमडणार कुठून ते सांगा न आधी. कागदाले बी रेषा असते. तिच्या आडवं दुमडलं तं फाटते तो." मग त्यांनी ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून दाखवला. एका बाजूने तो सहज वाकला, दुसऱ्या बाजूने ताठ राहिला. सहज वाकतो ती रेषा, आणि घडी तिला समांतर पडली पाहिजे. घरी येऊन मी मुद्दाम दोन्ही प्रकारे घडी घालून पाहिली. आडव्या घडीवर कागदाची वरची साल तडकून पांढरे तंतू बाहेर आले, गडद रंगावर तर ते फारच दिसतात. उभ्या घडीची कड मात्र सुरीसारखी बसली. घडी घालण्याआधी रिफिल संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून एक रेघ दाबून ओढायची. त्यासाठी वेगळं हत्यार विकत घ्यायची गरज नाही.

एका तावात १४८ बाय २१० मिलिमीटरचे नऊ तुकडे बसतात, म्हणजे दुमडल्यावर हातात मावणारी नऊ कार्डं. सात तावांत ६३. जानेवारी-फेब्रुवारीची हवा कापायला आणि दुमडायला उत्तम. कोरडी, गार, कागद जिथे ठेवाल तिथे सपाट राहतो. हे दोन महिने मी पाच-पाच कार्डं पूर्ण करण्यात घालवले, त्याचं आता वाईट वाटतं. तेव्हाच ६३ च्या ६३ कापून, दुमडून, पुस्तकांखाली दाबून ठेवायला हवी होती.

मार्च मात्र मनासारखा गेला. बाजारात मृग बहाराची संत्री होती. लेक फोड खाता खाता म्हणाली, "आई, आडवं कापलं की आत चांदणी दिसते." खरंच दिसते. दहा-अकरा फोडी, मधे लहानसा पोकळ गाभा आणि तिथून निघालेले किरण. आम्ही संत्र्याचा ठसा करायचं ठरवलं. पहिला ठसा म्हणजे नुसता रसाचा डाग झाला. आपल्या संत्र्याची साल सैल असते, दाब दिला की ती गरावरून सरकते आणि बाहेरचं वर्तुळ फिसकटतं. मग अर्धं संत्रं वर्तमानपत्रावर पालथं घालून खिडकीत ठेवलं. बिया टाचणीने काढल्या. मार्चच्या उन्हात तीन तासांत कापलेला भाग कोरडा होऊन जरासा आत बसला आणि फोडींच्या मधले पापुद्रे वर आले. रंग त्या पापुद्र्यांनाच लागला. गडद निळ्या कागदावर फिकट पिवळ्या रंगाने जी चांदणी उठली, ती मी कुठल्याही दुकानात पाहिलेली नाही. सालीचे तुकडे कापून चिकटवायचा मोह मात्र आवरा. सालीतलं तेल कागदात उतरतं, आठवड्याभरात मागून तेलकट गोल दिसायला लागतो. त्यात आमची दोन कार्डं गेली.

एप्रिल-मेचं सगळ्यांनी जपून वाचावं. कुलर सुरू झाला की खोलीत गारवा येतो आणि कागदात ओल. कुलरसमोरच्या टेबलावर रात्री ठेवलेली कार्डं सकाळी पन्हाळीच्या कौलासारखी वाकलेली होती. कुलर नसलेल्या खोलीत जावं, तर ४५ अंशांत जलरंग ब्रशवरच वाळतो, एकसारखा हात फिरतच नाही. ॲक्रिलिक रंगाचं दुखणं वेगळं. तो हाताला वाळलेला वाटतो, पण उष्णतेत आणि वजनाखाली पुन्हा चिकट होतो. मी एप्रिलची पाच कार्डं तोंडाला तोंड लावून रचली आणि वर शब्दकोश ठेवला. मेमध्ये सोडवायला गेले, तर एका मेंढराची पाठ दुसऱ्या कार्डावरच्या मेंढपाळाच्या तोंडावर आली. दोन कार्डांमध्ये बटर पेपर घातला असता तर पाचही वाचली असती. ऑनलाइन मागवलेल्या एका किटमधले चकचकीत खडेही याच महिन्यात एकेक करून गळाले. त्यांच्या मागचा गोंद उन्हाळ्यात पातळ होऊन सरकत होता. तो किट पुन्हा घेणार नाही.

मग पाऊस. जूनच्या २५ तारखेला मी नेमाने बसले, जुलैच्याही बसले, आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. पांढरा गोंद रात्रभर ओला राहतो, कागद त्याखाली फुगून सुरकुततो. त्याहून जिवाला लागली ती पाकिटं. शंभर पाकिटांचा गठ्ठा कपाटात होता. ऑगस्टमध्ये काढला तर निम्म्यांची तोंडं आपोआप चिकटून बसली होती. वाफेवर उघडायला गेले, ती फाटली. एका डब्यात कसर शिरली आणि तिने दोन कार्डांच्या कडा कुरतडल्या. डांबराच्या गोळ्या मी वापरत नाही, कार्ड उघडताच तो वास येतो आणि नाताळ डोक्यातून निघूनच जातो. आता स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात वेखंडाची पुरचुंडी आणि बुटांच्या खोक्यांत मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या, एवढी व्यवस्था आहे. सप्टेंबरपासून एकही कार्ड बिघडलं नाही.

पावसाळ्यातच मला माझं खरं आवडीचं काम सापडलं. कागद आणि गोंद दोन्ही नको, असं काय करता येईल, तर ठसा कोरता येईल. ठसे कोरायला वापरतात ती मऊ लिनोची शीट आणली, कटर आणले आणि 'नाताळ' हा शब्द कोरायला घेतला. बटर पेपरवर पेन्सिलने अक्षरं लिहायची, तो शीटवर पालथा घालून चमच्याने घासायचा, म्हणजे अक्षरं उलटी उमटतात. ना आणि ता सोपे. शिरोरेषा जाड ठेवली की सगळी अक्षरं तिला धरून राहतात. जीव काढला तो ळ ने. त्याची दोन वेटोळी जिथे एकमेकांना टेकतात, तिथे जेमतेम दोन मिलिमीटरची भिंत उरते. पहिल्या दोन ठशांत ती भिंतच उडाली आणि ळ चं एक भलं मोठं भोक झालं. तिसऱ्या वेळी क्रम उलटा केला. बाहेरचा भाग तसाच ठेवून आधी वेटोळ्यांच्या आतली पोटं कोरली, म्हणजे भिंतीला बाहेरून आधार राहिला. वळणावर कटर न फिरवता शीटच फिरवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीच्या सकाळी, बाहेरून ढोलांचा आवाज येत होता आणि मी तो ळ पूर्ण केला. शाई लावून पहिला ठसा उचलला तेव्हा दोन्ही वेटोळी स्वच्छ उघडी होती. त्या दिवशी तो कागद मी फ्रीजवर लावला, अजून तिथेच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, दोन सकाळींत ३१ कार्डं छापून झाली. पंखा बंद ठेवायचा आणि नवाच्या आत आटपायचं, नाहीतर शाई रोलरवरच वाळते. महिन्याला पाचच्या चालीने मला सहा महिने लागले असते. ही माझ्या अनुभवातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

आता नावांबद्दल. मी सुरुवातीपासून प्रत्येक कार्डामागे पेन्सिलने ते कुणासाठी आहे हे लिहीत होते. त्यामुळे हात चालू असताना ते माणूस डोळ्यांपुढे राहतं, रंगही त्याच्या आवडीचा घेतला जातो. मार्चमधलं संत्र्याच्या चांदणीचं पहिलं चांगलं कार्ड अचलपूरच्या मोठ्या आईसाठी होतं. तिच्या अंगणात संत्र्याचं झाड होतं म्हणून. आत मी लिहिलंही होतं, की मोठी आई, ही चांदणी झाडाला लागलेली आहे. सप्टेंबरमध्ये मोठी आई गेली. ऑक्टोबरात डबा उघडला तर ते कार्ड वरच होतं. नाव खोडून दुसऱ्या कुणाला देणं मला जमलं नाही, आणि डब्यात ठेवून देणंही बरोबर वाटेना. शेवटी तिच्याच नावाने, मजकूर एका अक्षरानेही न बदलता, तिच्या घरच्या पत्त्यावर पाठवलं. तिच्या मुलाचा, दादाचा, फोन आला. "अगं, आईच्या नावानं टपाल आलं," एवढं बोलून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, की यंदा झाडाला खूप फळ आहे, घेऊन जा.

नावं आधी लिहू नयेत, असा सल्ला मला दोघीतिघींनी दिला. मी लिहिणारच आहे.

पोस्टाचा हिशोब महत्त्वाचा आहे. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट लागतं, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. ३०० जीएसएमचं आमच्या मापाचं कार्ड नऊ ग्रॅमच्या थोडं वर जातं, पाकीट चारेक ग्रॅम, आत चिठ्ठीचा अर्धा कागद दोन ग्रॅम. सजावटीला चार ग्रॅम उरतात. नुसता ठसा असेल तर काहीच अडचण नाही, पण तीन थर आणि फोमचा टेप लावला की वीस ओलांडतात. शिवाय जाड भाग शिक्का मारताना दबतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक कार्ड तोलून मगच तिकीट लावलं. काही लांबच्या नातेवाइकांना मी पूर्वी रजिस्टर करायची, पण २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. तेवढा खर्च न करता सगळी साधीच पाठवली आणि त्यासाठी आठवडाभर आधी निघाले. ३० नोव्हेंबरला नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता, दुसऱ्या दिवशी सकाळी जीपीओच्या पेटीत ३८ पाकिटं टाकली. ३१ ना पाचाचं, सातांना दहाचं तिकीट, एकूण २२५ रुपये. उरलेली १४ नाताळच्या दिवशी उपासनेनंतर चर्चच्या आवारात हातात दिली. एकूण ५२. ठरवलं होतं त्याहून तीन कमी.

कागद, पाकिटं, लिनो, कटर, रोलर, रंग, शाई मिळून १,४०० रुपयांच्या आसपास गेले. तिकिटं धरून एका कार्डाला ३१ रुपये पडले. स्वस्त पडतं म्हणून हे करू नये, पडत नाही. कटर आणि रोलर मात्र पुढची अनेक वर्षं चालतील.

सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणणार नाही. ज्या घरात एक कोपरा वर्षभर मांडून ठेवता येत नाही, तिथे दर वेळी पसारा काढण्या-आवरण्यातच तास जातो. माझ्या बहिणीने मे महिन्यात सोडून दिलं, तिची अडचण खरी होती.

यंदाच्या वहीत पंचवीस तारखा नाहीत. जानेवारीत फक्त कापणं आणि दुमडणं, मार्चमध्ये संत्री, मे पूर्ण सुट्टी, पावसात कोरणं, दिवाळीत छापणं, नोव्हेंबरात चिठ्ठ्या. पाकिटं ऑक्टोबरआधी आणायचीच नाहीत. इतवारीतून आठ ताव काल आले आहेत, काकांनी न विचारताच उभे कापून दिले. लेकीला या वेळी गोठ्याचा ठसा कोरायचा आहे, आणि मला त्याखाली 'गव्हाणी' शब्द.