अकरा महिने वापरल्यावर: कलेच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ आणि त्याची मधली घडी

गेल्या महिन्यात पुस्तकाचा कणा मोडला. गॉथिक कॅथीड्रल संपून रेनेसान्स (युरोपातलं प्रबोधन) सुरू होतो, बरोब्बर तिथेच, कटकन. गुहाचित्रांपासून विसाव्या शतकापर्यंत सगळं एकाच खंडात कोंबलेला हा ग्रंथ मी अकरा महिने जवळपास रोज वापरतेय. असे ग्रंथ हाताळलेल्यांना त्याचं वजन, चकचकीत कागद, मागची शब्दसूची वगैरे सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते मधल्या घडीबद्दल.

घडी म्हणजे दोन समोरासमोरची पानं बाइंडिंगमध्ये शिरतात ती खाच. चित्र मोठं दिसावं म्हणून ते जोडपानावर पसरायचं आणि त्याचा मध्यच नेमका या खाचेत ढकलायचा, असा प्रकार. निसर्गचित्र असेल तर एखादं झाड जातं, चालतं. पण रेनेसान्सवाल्यांनी महत्त्वाचं ते मधोमध ठेवायचं असा नेमच केला होता, त्यामुळे सगळ्यात जास्त मार त्याच प्रकरणाला बसलाय.

राफाएलचं ‘स्कूल ऑफ अथेन्स’ घ्या. मध्यभागी प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल हे ग्रीक तत्त्वज्ञ. एकाचं बोट वर आकाशाकडे, दुसऱ्याचा तळहात पुढे, जमिनीच्या बाजूला. सगळ्या चित्राचा वाद या दोन हातांत आहे. माझ्या प्रतीत प्लेटोचं बोट शाबूत आणि अ‍ॅरिस्टॉटलचा तळहात घडीत गडप. म्हणजे वादात एकच बाजू बोलतेय, दुसऱ्याचा माइक बंद!

लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’चं तर विचारूच नका. 1495 ते 1498 दरम्यान मठाच्या भिंतीवर काढलेलं हे चित्र पावणेनऊ मीटरच्या वर रुंद आहे. त्यातल्या छताच्या, भिंतींच्या सगळ्या रेषा येशूच्या डोक्यापाशी जाऊन मिळतात. लिओनार्दोने तिथे, कानशिलाजवळ, भिंतीत खिळा ठोकून दोऱ्या ताणल्या असाव्यात. त्या खिळ्याचं भोक अजून आहे. हे मी याच पुस्तकात वाचलं आणि मोठ्या उत्साहाने चित्राकडे वळले. भोक सोडा, कानशीलच नव्हतं. तिथे बाइंडिंगचा गोंद होता. गंमत म्हणजे या चित्राच्या मध्याशी असा खेळ पहिल्यांदा झालेला नाही. 1652 मध्ये त्याच भिंतीत दार पाडलं, त्यात येशूची पावलं गेली. पावलं मठवाल्यांनी घेतली, चेहरा माझ्या प्रकाशकाने.

आदमचं बोट मात्र वाचलंय. सिस्टिन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने आदमचा आणि देवाचा असे ते दोन हात मधोमध काढलेलेच नाहीत, डावीकडे सरकवलेत. हे मला घडीमुळेच कळलं, तेवढं श्रेय तिला.

दुसऱ्या महिन्यातच मी विक्रेत्याला लिहिलं होतं. उत्तर आलं, छपाईत दोष नाही, चित्र पानावर पूर्ण आहे. आहे ना, दिसत नाही एवढंच. कणा मोडल्यावर परत लिहिलं, फोटो पाठवले. यावेळचं उत्तर मी जपून ठेवलंय: पुस्तक पूर्ण सपाट उघडल्याने बांधणी तुटली असून हा अयोग्य वापर आहे. पुस्तक उघडणं हा अयोग्य वापर! दहा-बारा मेल झाल्या, शेवटी ‘तक्रार बंद’ असा शिक्का. इतके पैसे मोजून घेतलेली वस्तू टाकवत नाही, आणि दुसरी प्रत घेणं तर माझ्या तत्त्वातच बसत नाही.

आता इथून माझं मत जरा बदलतं, म्हणून वरचं सगळं पुसलेलं नाही.

पानं सुटी झाली तेव्हा रागारागात सतराव्या शतकाची चळत टेबलावर ठेवली आणि रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’ची (शहराच्या रक्षक तुकडीचं चित्र) दोन पानं कडेला कड लावून जोडली. मजकुरात कॅप्टनच्या पुढे आलेल्या हाताची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावर पडल्याचं लिहिलेलं. ते वाक्य मी निदान चारदा वाचलं असेल आणि दरवेळी मान डोलावून पुढे गेले असेन. आता ती सावली खरंच दिसली. पंजा, बोटं, सगळं. नुसत्या सावलीने तो हात कागदातून बाहेर आल्यासारखा वाटतो. मी उठून दिवा जवळ ओढला. पाच मिनिटं दुसरं काही केलं नाही.

याच चित्राचं आणखी एक. 1642 चं हे चित्र 1715 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या टाउन हॉलमध्ये हलवताना दोन दारांच्या मधल्या जागेत मावेना, म्हणून चारही बाजूंनी कापलं. सर्वांत मोठी पट्टी डावीकडून गेली. मुळात कॅप्टन आणि लेफ्टनंट मध्यापासून उजवीकडे होते, सगळी तुकडी चालत निघाल्यासारखी. कापल्यावर ते दोघे मध्यात आले. आणि मध्यात आले म्हणूनच माझ्या घडीत सापडले. कापण्याआधीची एक छोटी नक्कल शिल्लक आहे म्हणून मूळ मांडणी कळते, पण पुस्तकात ती टपाल तिकिटाएवढी छापलीय. असो.

मग वाटलं, सगळंच सुटं करून स्पायरल मारून आणावं, स्वस्तात काम. चार भाग पाडले. पहिला भाग मशीनमधून निघाला तेव्हा मी पैशांच्या हिशेबात होते. उघडून बघते तर स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेच्या छतावरच्या आदिमानवाच्या चित्रांच्या जोडपानावर दोन्ही बाजूंनी भोकं, एक थेट बायसनच्या पाठीत. ते छत 1879 मध्ये एका लहान मुलीने मान वर केली म्हणून सापडलं. बाप जमीन तपासत होता. त्याने ते जगापुढे मांडलं तर तज्ज्ञांनी खोटं ठरवलं. 1902 मध्ये त्यांच्यातल्या कार्तायाकने जाहीर चूक कबूल केली, तोवर मुलीचा बाप बिचारा वारलेला. एवढं सोसलेल्या बायसनला मी भोक पाडलं. बाकीचे तीन भाग तसेच उचलून घरी आणले. आता ते खोक्यात सुटे आहेत, रबर लावून.

मजकुराबद्दल थोडक्यात. आदिमानवाचं प्रकरण मी आधी गाळलं होतं, ती चूक होती. तेच सगळ्यात मन लावून लिहिलंय. भारत, चीन, जपान हे पाहुण्यांसारखे येऊन जातात, अजिंठ्याला सव्वा पान. विसाव्या शतकात तर नुसती धावपळ, पानागणिक नवा कलावाद. मोहेंजोदडोची नर्तकी साडेदहा सेंटिमीटरची आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाच मीटरच्या वर, पण दोघांचे फोटो सारख्याच उंचीचे. मापं तळटिपेत असतात, ती वाचायची सवय लावा. मी आता पट्टी जवळ घेऊनच बसते. पिकासोच्या ‘ग्वेर्निका’ची मापं भिंतीवर खडूने आखायला घेतली तर 7.76 मीटर रुंदीला माझी भिंतच पुरली नाही.

पाचपैकी आधी दोन तारे देणार होते, आता साडेतीन देते. अर्धा मोडक्या कण्याचा. नवी आवृत्ती आलीय म्हणे, मी घेणार नाही. तुम्ही घेणार असाल तर दुकानात आधी ‘स्कूल ऑफ अथेन्स’चं पान उघडा. अ‍ॅरिस्टॉटलचा तळहात दिसला तरच पैसे द्या.