स्वतंत्र राहायला जाण्यापूर्वीची तीन बचत खाती : नऊ महिन्यांच्या वापराचा अनुभव

बेलापूरला नवी नोकरी लागल्यावर ठाण्यातील आईबाबांचे घर सोडून नेरूळमध्ये भाड्याने राहायचे मी ठरवले. भाडे २२ हजार धरले, तर तीन महिन्यांचे डिपॉझिट, एका महिन्याची दलाली आणि पहिले भाडे मिळून १ लाख १० हजार रुपये हाताशी हवे होते. ही रक्कम साठवताना मी तीन खाती वापरली : कॉलेजात असताना उघडलेले सरकारी बँकेतील खाते, ज्यात आता पगार जमा होतो, जुन्या नोकरीच्या वेळचे खासगी बँकेतील पगार खाते, आणि केवळ जास्त व्याजासाठी उघडलेले एका स्मॉल फायनान्स बँकेतील (मुख्यतः छोट्या ग्राहकांसाठी असलेल्या बँकेतील) खाते.

व्याजाबाबत माझी समजूत चुकीची होती. स्मॉल फायनान्स बँकेच्या जाहिरातीत ठळकपणे छापलेला ७ टक्के दर एक लाखाच्या वरच्या रकमेपुरता होता. त्याखालील रकमेला साडेतीन टक्केच मिळत होते. रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये बचत खात्यांचे दर ठरवण्याचे स्वातंत्र्य बँकांना दिले, तेव्हा एक लाखापर्यंतच्या शिलकेला एकच दर आणि त्यावरील रकमेला वेगवेगळे दर अशी रचना ठेवली. त्यामुळे लाखाच्या आत साठवणाऱ्याने पहिल्या टप्प्याचा दर आधी वाचावा. माझ्या सरकारी बँकेत अडीच टक्के मिळतात. सरासरी ६० हजार शिलकेवर या दोन दरांतील फरक वर्षाला अवघा ६०० रुपये होतो.

जवळजवळ तेवढीच रक्कम मी एका दंडात गमावली. पगार येणे थांबल्यावर जुने पगार खाते साध्या बचत खात्यात बदलले गेले आणि त्याला दरमहा सरासरी १० हजार शिलकेची अट लागू झाली. शिल्लक कमी पडल्यास ग्राहकाला आधी कळवून किमान एक महिन्याची मुदत द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला तसा संदेश आला होता, परंतु ओटीपींच्या गर्दीत तो माझ्याकडून वाचायचा राहिला आणि ५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी असे ५९० रुपये कापले गेले. नोकरी बदलताना जुने पगार खाते बंद करण्याचे काम पहिल्याच आठवड्यात करावे, असे मला मनापासून वाटते. विम्याचा हप्ता त्याच खात्यातून जात असल्यामुळे तो आधी दुसरीकडे वळवावा लागला, मगच खाते बंद झाले.

स्मॉल फायनान्स बँकेचे नाव ऐकून बाबा धास्तावले होते. तिथेही सरकारी बँकेप्रमाणेच प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे, हे दाखवल्यावर त्यांचे समाधान झाले. ॲपबद्दल माझी तक्रार नाही. या खात्याचा खरा फायदा मला वेगळाच जाणवला : त्यावर मी यूपीआय जोडले नाही, त्यामुळे चहापासून रिक्षापर्यंतच्या किरकोळ खर्चाचा त्या पैशांना स्पर्श झाला नाही.

डिपॉझिट मात्र घरमालकांना चेकनेच हवे होते, कारण करारात चेक क्रमांक लिहायचा होता. नव्या खात्याचे चेकबुक मी मागवलेच नव्हते. शेवटी ६६ हजार रुपये सरकारी खात्यात वळवून तिथला चेक दिला. आता भाडे आणि वीजबिल याच खात्यातून जाते, अडीअडचणीची रक्कम दुसऱ्या खात्यात असते आणि दोन्हींवर नॉमिनी म्हणून आईचे नाव नोंदवले आहे.