जॉर्डन पास: पेट्रा बघणार असाल तर घ्याच

जॉर्डन पास म्हणजे व्हिसा शुल्काची माफी आणि पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन नगरीसकट अनेक स्थळांचा प्रवेश एकत्र देणारा पास. तो ऑनलाइन आणि देशात पाऊल ठेवण्याआधीच काढायचा. तिथे पोचल्यावर काढलात तर व्हिसा शुल्काची माफी हुकते. प्रकार तीन: ७०, ७५ आणि ८० दिनार. फरक एवढाच, की पेट्रात सलग एक, दोन की तीन दिवस जाता येतं. एकट्या व्हिसाचे ४० आणि पेट्राच्या एका दिवसाच्या तिकिटाचे ५० धरले, तर ७० चा पास तिथेच वसूल. जेराशची रोमन नगरी, अम्मानचा किल्ला आणि वादी रम या वाळवंटाचा प्रवेश वर फुकट. मात्र देशात किमान तीन रात्री राहायला हव्यात, नाहीतर व्हिसाचे पैसे परत जाताना भरावे लागतात.

आमचं मत ७५ च्या बाजूने. पेट्रात घळीच्या तोंडाशी पोचायलाच चालणं, मग सिक ही सव्वा किलोमीटरची घळ, पुढे ‘खजिना’ नावाची कोरीव वास्तू, थडगी, आणि ‘मठ’ नावाच्या दुसऱ्या वास्तूपर्यंत आठशेच्या वर पायऱ्या. बाहेर पडताना पुन्हा चढ. हे एका दिवसात उरकणं म्हणजे गुडघ्यांशी वैर. तिकिटात सिकपर्यंतची घोडेस्वारी धरलेली असते, पण घोडेवाला बक्षिसी मागतोच.

पासात काय नाही, तेही बघा: रात्रीचं पेट्रा (मेणबत्त्यांच्या उजेडातला कार्यक्रम), मृत समुद्राचे खासगी किनारे, वादी रमची जीप आणि तंबू. पहिल्या स्कॅननंतर पास दोनच आठवडे चालतो. क्यूआर कोडची छापील प्रत जवळ ठेवा.