कंपोझिशन की रेग्युलर जीएसटी? नौपाड्यातल्या दुकानासाठी

मामेभावाचं ठाण्यात नौपाड्यात स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, वर्षाची विक्री ८० लाखांच्या आसपास, आणि गेले दोन आठवडे तो मला हेच विचारतोय की दादा, कोणत्या स्कीममध्ये जाऊ.

खर्चाचं बघ. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, व्यापाऱ्याला उलाढालीवर १ टक्का, म्हणजे ८० हजार, पण ते गिऱ्हाइकाकडून वेगळे घेता येत नाहीत आणि खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिटही मिळत नाही. रेग्युलरमध्ये क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स आपल्या देण्यातून वजा होतो.

मेहनत कंपोझिशनमध्ये खूपच कमी, तिमाहीला सीएमपी-०८ (टॅक्स भरायचा फॉर्म) आणि वर्षाला एक रिटर्न, वहीवरसुद्धा भागतं. रेग्युलरमध्ये जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचा तपशील) आणि ३बी (टॅक्सचा गोषवारा), मग बिलिंग सॉफ्टवेअर सक्तीचं नसलं तरी घेतलं तर सोपं जातं.

पण खरी गोष्ट इथे आहे, तू जीएसटीआर-१ मध्ये बिल टाकलंस तरच ते समोरच्याच्या २बी मध्ये, म्हणजे त्याच्या क्रेडिटच्या यादीत, दिसतं आणि त्याला क्रेडिट मिळतं, म्हणून क्रेडिट घेणारा व्यापारी बिल मागणारच, आणि त्याच्यामुळेच दुकान कॉम्प्युटरवर येतं. कायद्याने एका दुकानदाराला नाही, अख्ख्या साखळीला डिजिटल केलंय, मला हे मनापासून पटतं.

ऑनलाइन विकायचं तर १ ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशनवालाही ॲमेझॉनसारख्या ई-कॉमर्स वेबसाइटवर माल विकू शकतो, फक्त राज्यातल्या राज्यात. सुरतच्या ऑर्डरला नाही म्हणावं लागेल.

गिऱ्हाईक घरगुती आणि दुकानात एकटाच असशील तर कंपोझिशन घे. क्रेडिट घेणाऱ्या व्यापाऱ्यांना माल देणार असशील किंवा राज्याबाहेर विकायचं असेल तर सरळ रेग्युलर.