जुन्या लाकडासाठी घेतलेलं गिटार किट: सामान झकास, पुस्तिका नापास

हे किट म्हणजे लाकूड सोडून बाकी सगळं. फ्रेटच्या (तार दाबायच्या धातूच्या पट्ट्यांच्या) खाचा पाडलेला फ्रेटबोर्ड, तयार नेक (मान), तिला वाकू न देणारा ट्रस रॉड, ब्रेसिंगच्या म्हणजे आतून आधार देणाऱ्या पट्ट्या, तारा अडकवायचा ब्रिज, ट्यूनर, बॉडीचा साचा आणि पूर्ण मापाचा नकाशा. टॉप (पुढची फळी), बॅक (मागची), साइड (बाजूच्या पट्ट्या) यांचं लाकूड आपलं आपण बघायचं. मी मोडक्या सागवानी दाराच्या फळ्या आणि जुन्या छपराचा पाइनचा एक वासा घेतला.

आधी चांगलं सांगतो. फ्रेटच्या खाचा भन्नाट अचूक आहेत, तारा चढवून १२व्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा सूर) तपासला तर सहाही तारा जवळपास काट्यावर. करवत घेऊन हे मला जन्मात जमलं नसतं.

आता पुस्तिका. ती लिहिणाऱ्याने जुनं लाकूड हातात धरलंच नसावं. खिळ्यांबद्दल चकार शब्द नाही! लोहचुंबक फिरवून मी आठ खिळे उपटले, नववा डोकं तुटून आत रुतलेला होता, तो रंध्याला सापडला आणि पात्याला दात पडला. मग साइड. २ मिमी करा आणि गरम पाइपवर वाकवा, एवढंच लिहिलंय. पण दाराच्या फळीत लाकडाच्या रेषा तिरक्या बाहेर जात होत्या, त्यामुळे गिटारच्या कंबरेपाशी, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त वळवायचं तिथेच, कडकन तुटली. दुसऱ्या वेळी सरळ रेषांची पट्टी शोधली, १.८ मिमीपर्यंत उतरवली, ओलं फडकं लावत अर्धा तास घालवला तेव्हा कुठे वळली. सागाला तेल असतं, ग्लू लावायच्या जरा आधी अॅसिटोनने पुसावं लागतं, हेही बॅकचा जोड दोन दिवसांत उघडला तेव्हा कळलं.

टॉपने मात्र जीव थंड केला. वासा अरुंद म्हणून दोनऐवजी चार पट्ट्या जोडल्या. ३ मिमीला ठोकलं की नुसतं ठप्प, २.७ला आल्यावर घुमायला लागलं. (१८६२ मध्ये तोरेस या स्पॅनिश गिटार बनवणाऱ्याने बॅक आणि साइड कागदाच्या लगद्याच्या करून दाखवल्या होत्या, आवाजाचा बराचसा खेळ टॉपचा आहे हे पटवायला. तेव्हा तुमचं सगळ्यात चांगलं लाकूड टॉपलाच घाला, साइडवर उधळू नका.) पण म्हणून अजून घासत बसू नका, तारा चढल्या की ७० किलोच्या आसपास ओढ येते, ब्रेसिंगही उगाच बारीक करू नका.

कंपनीला मेल केला, उत्तर आलं की जुनं लाकूड शक्यतो वापरू नये. खोक्यावर मात्र ठळक छापलंय, कुठलंही लाकूड चालेल.

पाचपैकी साडेतीन स्टार. चार देणार होतो, अर्धा पात्याचा कापला.