महिना ८०० रुपये, चार तिकिटं आणि एक फोन (५ पैकी २ तारे)

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा हिशेब मी बघतो. नऊ वर्षं झाली, एका आंतरराष्ट्रीय बालसंस्थेला माझ्या खात्यातून महिन्याला ८०० रुपये जातात. संस्थेचं नाव लिहीत नाही. मुलांसाठीचं काम चांगलं आहे, तक्रार फक्त देणगीदारांच्या सेवेची आहे.

आधी पुण्याच्या ऑफिसात एक ताई होत्या. एप्रिल संपला की त्यांचा फोन यायचा, "काका, पॅन तोच ना? पत्ता बदलला नाही ना?" मेअखेर १०बीई, म्हणजे करसवलतीसाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र, हातात. एकदा सहज विचारलं, संस्थेचा मुलांचा अभ्यासवर्ग कसा चाललाय? म्हणाल्या, लाईट जाते म्हणून सहालाच सोडतो. पुढे इन्व्हर्टर बसला तेही आठवणीनं कळवलं.

मग युरोपातल्या मुख्यालयाचं इंग्रजी पत्र आलं. मुख्यालयातली पदं कमी करतोय, देणगीदारांच्या नोंदी एकाच केंद्रात नेतोय. खोटं कशाला बोलू, वाचून बरं वाटलं होतं. अशाच मोठ्या मदतसंस्था बघा, ॲक्शनएडनं मुख्यालय जोहान्सबर्गला नेलं, ऑक्सफॅम इंटरनॅशनलनं ऑक्सफर्डहून नैरोबीला. काम तिथं साहेब, हे पटतं. पण २०२० मध्ये ऑक्सफॅमनं १८ देशांतली कार्यालयं बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा सुमारे १,४५० जणांच्या नोकऱ्यांवर गदा आली, आणि ते देशोदेशी प्रत्यक्ष काम करणारे लोक होते. छाटणी वरून निघते खरी, पण वर थांबत नाही. आमच्या पुण्याच्या ताईही गेल्या.

यंदा १०बीई जूनच्या मध्यावर आला, त्यात पॅनचं शेवटचं अक्षर चुकलेलं. मी जुन्या करप्रणालीत आहे. वर्षाचे ९,६००, देणगीवर सूट देणाऱ्या ८०जी कलमाखाली निम्मे म्हणजे ४,८०० वजा, २० टक्क्यांनी कर ९६०, सेस धरून ९९८ रुपये. रक्कम किरकोळ, पण हिशेबनीसाचाच हिशेब जुळेना! केंद्राकडे तक्रार नोंदवली, तिला ते तिकीट म्हणतात. पहिल्या तिकिटाला उत्तर आलं, भारतातल्या कार्यालयाशी बोला. त्यांना फोन केला तर म्हणे नोंदी केंद्राकडे. दुसऱ्या-तिसऱ्या तिकिटाला आभाराचं तेच पत्र. चौथं तिकीट 'निराकरण झाले' म्हणून बंद. काय झालं निराकरण, देव जाणे.

वार्षिक अहवालात मात्र प्रशासकीय खर्चाचा आकडा छान उतरलाय. परदेशी निधीतून असा खर्च करायची मर्यादाही २०२० च्या कायद्यानं ५० वरून २० टक्क्यांवर आणली, ती अडचण मी समजू शकतो. पण फोन उचलणारं माणूसही त्याच खात्यात मोजलं जातं ना! आमच्या मालकांनी एकदा चेकिंगच्या दोन बायका कमी केल्या होत्या. पगार वाचला. तिसऱ्या महिन्यात सुटलेल्या धाग्यांचा अख्खा माल परत आला, आणि बायकांना घरी जाऊन बोलावून आणलं.

शेवटी त्या ताईंचा जुना नंबर लावला. त्या आता दुसरीकडे नोकरीला आहेत. तरी दुरुस्तीचं विवरण नेमकं कोण भरतं ते त्यांनी सांगितलं, आणि आठ दिवसांत काम झालं. दोनपैकी एक तारा अभ्यासवर्गाला, दुसरा ताईंना.

हप्ता चालू ठेवलाय. पुढच्या एप्रिलमध्ये पॅन मीच कळवणार, तिकीट क्रमांक पाच.